टायरिसला घेऊन 'गोल्डन ॲक्स' एका क्रेडिटमध्ये : कुठे अडतं आणि का अडतं

तीन_बटणं (धागाकर्ता)

'गोल्डन ॲक्स' या जुन्या मारामारीच्या व्हिडिओ गेमवर चर्चा निघाली की ती हमखास गिलियसवर येऊन थांबते. बुटका घ्या, कुऱ्हाड फिरवा, संपला विषय. हा धागा फक्त टायरिस फ्लेअरसाठी, म्हणजे त्यातल्या तलवारवाल्या बाईसाठी. मशीन मेगा ड्राइव्ह (सेगाचा घरचा कन्सोल), आर्केड मोड, एकच क्रेडिट (म्हणजे हरल्यावर 'कंटिन्यू' न घेता एकाच डावात).

ज्यांनी नुसतं नाव ऐकलंय त्यांच्यासाठी थोडक्यात. सेगाने १९८९ साली हा गेम आर्केडला (नाणं टाकून खेळायच्या मशीनवर) आणला, माकोतो उचिदा यांच्या हाताखाली. 'अल्टर्ड बीस्ट'ही त्यांचाच. त्याच वर्षाच्या अखेरीस मेगा ड्राइव्हची आवृत्ती आली, ४ मेगाबिटच्या म्हणजे ५१२ केबीच्या कार्ट्रिजवर. डेथ ॲडर नावाच्या राक्षसाने राजाला आणि राजकन्येला पळवलंय, आणि सूड घ्यायला तिघं निघालेत. ॲक्स बॅटलरची आई मारली गेली, टायरिसचे आई-बाप दोघंही, आणि गिलियस थंडरहेडचा जुळा भाऊ.

टायरिसची गंमत अशी की तिची जादू तिघांत सगळ्यात मोठी, पण ती जादू वापरायची वेळ बहुतेकांची चुकते. तलवार मात्र हातात घेतल्याबरोबर सगळे बटण बडवत सुटतात. अडतं ते तिथेच.

बटणं : ए जादू, बी वार, सी उडी. एकाच दिशेला दोनदा टिचकी मारली की धाव. धावताना बी दाबलं की टायरिस लाथ घालते (ॲक्स खांद्याने धडकतो, गिलियस डोक्याने). धावत उडी मारून हवेत बी दाबलं की तलवार खाली रोखून वार. बी आणि सी एकदम दाबले की मागच्या बाजूला वार. एवढंच भांडवल आहे. गेम अवघड आहे तो बटणांमुळे नाही, कुठे उभं राहायचं ते न कळल्यामुळे.

जाणकारांनी आपापला माल काढावा.

---

खोलगट

उभं राहण्याचं बोललात ते लाखमोलाचं. सुरुवात तिथूनच करतो.

या गेममध्ये पडद्यावरची वर-खाली हालचाल म्हणजे खोली. आपला वार लागायचा तर शत्रू आपल्याच रांगेत हवा. त्याचा वार लागायलाही तोच नियम. पण शत्रूला रांगेत यायला चालावं लागतं, आणि चालता चालता तो वार करत नाही. हा चालण्याचा वेळ म्हणजे आपली सगळी कमाई.

म्हणून शत्रूसमोर सरळ रेषेत चालत जाऊ नका. त्याच्या अर्धी रांग वर किंवा खाली राहून जवळ जा, तलवारीच्या टप्प्यात आलात की तिरपं सरकून रांग जुळवा आणि त्याच क्षणी बी दाबा. पहिला वार आपला. समोरून सरळ गेलात तर पहिला वार कोणाचा ते नाणेफेकीवर.

धावून येणाऱ्याचंही तेच. तो एकदा धावत सुटला की रांग बदलत नाही. वर किंवा खाली एक पाऊल टाका, तो बाजूने निघून जाईल आणि तुमच्याकडे पाठ करून थांबेल. तिथे त्याला गाठा.

---

पट्टेकरी

खोलगट यांच्याशी शंभर टक्के सहमत. त्यात कॉम्बोची (सलग वारांच्या मालिकेची) बाजू घालतो, कारण तिथे टायरिसवाले फार रक्त (जीवनशक्ती) घालवतात.

बी सलग दाबत राहिलं की आधी तलवारीचे वार बसतात. शत्रू अंगाला खेटून असेल तर पुढे मुठीचे दणके आणि शेवटी उचलून फेक. थोडा लांब असेल तर तलवारीचाच शेवटचा वार बसून तो पडतो. नवखे दोन्हींत फरक करत नाहीत, पण फरक मोठा आहे. फेकलेला गडी वाटेतल्या दुसऱ्यालाही घेऊन पडतो. म्हणजे एका कॉम्बोत दोघं जमिनीवर, आणि तुम्हाला श्वास घ्यायला जागा.

आता नेहमीचा प्रसंग घ्या. दोन शत्रू, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोघंही एकदम रांगेत यायला बघतात, तीच त्यांची चाल. तुम्ही डावीकडच्यावर कॉम्बो सुरू करता, चौथ्या दणक्याला उजवीकडचा पाठीत घालतो. तुम्ही पडलात, आणि डावीकडचाही सुटला.

उपाय : कॉम्बो सुरू करायच्या आधीच दोघांना एका बाजूला घ्या. पडद्याच्या अगदी वरच्या कडेला जा आणि आडवं चालत एका टोकाकडे सरका. मागचा तुमच्या मागून येतो, पुढचा वळसा घालायला बघतो. तो वळसा पुरा व्हायच्या आत पुढच्याला ओलांडून पलीकडे निघा. आता दोघंही तुमच्या एकाच अंगाला. जवळच्याला खेटून घ्या, फेक दुसऱ्याच्या दिशेने.

इतकं करूनही एखादा पाठीमागे आलाच तर कॉम्बो पुरा करायचा हट्ट सोडा आणि बी-सी मारा. तो वार मागे जातो. वार चुकला तर थोडा वेळ उघडं पडायला होतं, म्हणून मागे कोणी नसताना सवयीने मारू नका.

---

आठ_बिट

बाकी सगळं ठीक, पण धावून लाथेवर कोणी बोललंच नाही. टायरिसचं खरं हत्यार ते आहे. उठणाऱ्या शत्रूवर मारायची. पडलेला गडी उठेपर्यंत त्याला काही लागत नाही, पण उठल्याबरोबर तो क्षणभर नुसता उभा असतो. त्याच्यापासून पडद्याचा तिसरा हिस्सा मागे जा, तो गुडघ्यावर आला की टिचकी-टिचकी-बी. पुन्हा पडला. पुन्हा मागे जा.

कंटाळवाणं आहे, मान्य. पण रक्त जात नाही.

---

पट्टेकरी

@आठ_बिट, एकटा शत्रू असेल तर लाथ चालते. दोन असतील आणि तुम्ही तेच करत बसलात तर दुसरा तुमच्या धावण्याच्या रांगेत येऊन उभा राहतो आणि धावणाऱ्या माणसाला थांबता येत नाही. शिवाय हत्यारबंद बायका समोरून तशीच धावून लाथ घालतात. दोघींची एकदम झाली तर काय होईल ते सांगता येत नाही.

---

आठ_बिट

म्हणून तर म्हटलं, उठणाऱ्यावर. चालत्यावर नाही.

---

निळी_पोतडी

आता जादूबद्दल, कारण माझं टोपणनावच त्यावरून आहे. :)

आधी हिशेब. गिलियसच्या जादूच्या पायऱ्या ३, पॉट (जादू साठवायच्या कुप्या) जास्तीत जास्त ४. ॲक्सच्या पायऱ्या ४, पॉट ६. टायरिसच्या पायऱ्या ६, पॉट ९. म्हणजे एक पॉट एक पायरी असा सरळ हिशेब नाही. वरच्या काही पायऱ्यांना एकाहून जास्त पॉट लागतात. वर दिसणाऱ्या पट्टीतला खण पूर्ण भरला तरच पुढची पायरी. अर्धा भरलेला खण असताना ए दाबलं तर तो अर्धा फुकट गेला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : या पहिल्या भागात ए दाबलं की असतील नसतील ते सगळे पॉट एका झटक्यात जातात. 'थोडी वापरतो, थोडी ठेवतो' हा पर्याय नाही. बटण दाबून धरून किती जादू सोडायची ते ठरवण्याची सोय १९९१ च्या दुसऱ्या भागात आली.

पॉट मिळतात चोरांकडून. टोपडं घातलेले ते बुटके. निळ्याला लाथ घातली की पॉट पडतो, हिरव्याला घातली की खाणं, म्हणजे लाइफचा एक बार. टप्प्यांच्या मधे रात्रीच्या मुक्कामावर चोर येतात तेव्हाही जमेल तितके लाथाडायचे. वेळ थोडा असतो. त्यांच्या मागे पळू नका, ते ज्या वाटेने निसटतात तिथे आधी जाऊन उभे राहा.

आता मुद्दा. लोक नऊ पॉट साठवून बॉसपर्यंत (टप्प्याच्या शेवटच्या मोठ्या शत्रूपर्यंत) नेतात, कारण सहाव्या पायरीला आगीचा ड्रॅगन येतो आणि तो दिसतो भारी. पण नऊ भरल्यावर पुढचा प्रत्येक पॉट वाया. समजा मुक्कामाला पोचताना तुमच्याकडे सात आहेत आणि मुक्कामावर पाच मिळाले. म्हणजे तीन मातीत गेले. त्यापेक्षा टप्प्याच्या शेवटच्या झुंडीवर ते सात उडवले असते तर ती झुंड निम्मी झाली असती आणि मुक्कामावरचे पाच तसेही हातात पडले असते.

म्हणून नियम : मुक्काम जवळ आला की पट्टी रिकामी करा.

---

कुऱ्हाडवाला

इथे मात्र असहमत. टायरिसची तलवार गिलियसच्या कुऱ्हाडीसारखी रेटत नाही. तिला शेवटच्या बॉसला काहीतरी मोठं हवं. मुक्कामाआधी सगळं उडवलं आणि मुक्कामावर तीनच चोर सापडले तर काय करणार? तीन पॉटवर ती जेमतेम शत्रूंना गुदगुल्या करते.

---

निळी_पोतडी

@कुऱ्हाडवाला, प्रश्न रास्त आहे. पण मधल्या टप्प्यात जी लाइफ गेली ती बॉसला परत मिळते का? एक क्रेडिटवाल्याचा खेळ संपतो तो बॉसजवळ नाही, बॉसच्या आधी. रंग बदललेली माणसं येतात तिथे. तोच गडी, तोच चेहरा, पण कपड्याचा रंग वेगळा म्हणजे रक्त जास्त. पाच वारांत पडायचा तो आता पडत नाही, आणि तुमचा हात जुन्या मोजणीवर चाललेला असतो. जादू तिथे लागते.

---

खोलगट

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण 'कधी' पेक्षा 'कोणावर' हा प्रश्न आधी विचारा. जादू पडद्यावरच्या सगळ्यांना लागते. एकावर वापरली काय, चौघांवर वापरली काय, पॉट तितकेच. तेव्हा पडद्यावर माणसं भरली की वापरा, एकटा बॉस उरला की नको. बॉसच्या लढाईतही सुरुवातीला, त्याचे साथीदार उभे असताना. शेवटी त्याचं रक्त थोडं राहिलंय म्हणून जादू टाकणं हा निव्वळ अपव्यय.

अंतिम टप्प्याच्या आधीच्या शेवटच्या मुक्कामापुरतं कुऱ्हाडवाल्यांचं ऐकावं. त्यापुढे साठवायचं, कारण पुढे मुक्काम नाही.

---

कुऱ्हाडवाला

ठीक. इतपत तडजोड चालेल.

---

काठावरचा

खड्ड्यांचं कोणीच बोलत नाहीये? सगळ्यात स्वस्त हत्यार ते.

जिथे जिथे जमीन तुटलेली आहे तिथे शत्रूला हाताने मारायचं कारणच नाही. शत्रू तुमच्याकडे धावून येतो तेव्हा मधे काय आहे ते बघत नाही. तुम्ही खड्ड्याच्या पलीकडे, त्याच्याच रांगेत उभे राहा. तो धाव घेतो आणि किंकाळी फोडत खाली जातो. बिनखर्ची.

धाव घेत नसेल तर त्याला कडेला आणा. कड तुमच्या आणि त्याच्या मधे नको, त्याच्या पाठीमागे हवी. मग धावून लाथ. किंवा खेटून घेऊन फेक त्या दिशेने.

यात आपणही पडू शकतो हे विसरू नका. आपण पडलो तर बार नाही, अख्खी लाइफ जाते. दोन चुका नेहमीच्या आहेत. एक, कडेजवळ धावून लाथ मारणं : नेम चुकला तर लाथेच्या जोरात आपणच खाली. दोन, कडेला पाठ करून लढणं : शत्रूचा एक धक्का लागला की मागे फेकलो जातो. काठावर कधीही तोंड खड्ड्याकडे आणि पाय चालते ठेवा. धावते नव्हे.

खड्डा ओलांडायला धावत उडी घ्यावी लागते. पलीकडे शत्रू वाट बघत असेल तर आधी तो कडेपासून मागे जाईपर्यंत थांबा. उतरतानाच मार बसला तर सरळ खाली.

---

पट्टेकरी

सांगाड्यांना मात्र हे जपून. ते जमिनीतून उगवतात, बाकीच्यांपेक्षा चपळ असतात आणि उडी मारून येतात. काठावर त्यांची वाट बघत बसलात तर बाजूने येऊन तुम्हालाच ढकलतील. सांगाडे निघाले की काठापासून दूर, मोकळ्या जागेत या आणि एकेकट्याला गाठा. त्यांच्यावर लांबून धावून जाऊ नका. त्यांना येऊ द्या, रांग चुकवा, उतरल्यावर मारा.

---

रविवारचा_गडी

जनावरांवर बसावं की नाही? त्या कोंबडीच्या पायाच्या प्राण्यावर बसलं की उतरायलाच लावतात.

---

आठ_बिट

तीन प्रकार आहेत. चिकनलेग ('अल्टर्ड बीस्ट'मधून आलेला पाहुणा), तो शेपटी फिरवतो. निळा ड्रॅगन तोंडासमोर आग ओकतो, टप्पा आखूड. लाल ड्रॅगन आगीचे गोळे लांबवर फेकतो.

चिकनलेग मिळाला म्हणून हुरळून जाऊ नका. शेपटीचा टप्पा बरा आहे, पण प्रत्येक फटक्यानंतर तो क्षणभर अडकतो आणि तेवढ्यात बाजूचा तुम्हाला खाली खेचतो. निळा चांगला, जर शत्रू समोरून एकाच रांगेत येत असतील तर. लाल मिळाला तर गेमचा तो टप्पा तुमचा. पडद्याच्या एका टोकाला, सगळे शत्रू एका बाजूला, आणि रांग जुळली की गोळा. त्यांना जवळ येऊ द्यायचंच नाही.

शत्रू जनावरावर असेल तेव्हा आधी त्याला खाली पाडा. जनावर मोकळं झालं की लगेच चढण्याच्या नादात पडलेल्या शत्रूला विसरू नका. तो उठून पुन्हा त्यावर बसतो. आणि एखादं जनावर फार वेळा रिकामं झालं की ते पळूनच जातं. म्हणून लाल ड्रॅगन असेल तर त्यावर बसून मारामारीच्या मधोमध जाणं हा मूर्खपणा.

---

रविवारचा_गडी

धन्यवाद. निळ्यावर बसून मधोमध जाणं हीच चूक होत होती.

---

तीन_बटणं

छान चाललंय. आता बॉस.

पहिल्या टप्प्याच्या शेवटी बॅड ब्रदर्स, हातोडेवाले दोन आडदांड भाऊ. टायरिसला ते का जड जातात? कारण त्यांना खेटून कॉम्बो करायचा मोह होतो. एकाला मारताना दुसरा हातोडा घालतो. वर पट्टेकरींनी सांगितलेली 'दोघांना एका अंगाला घ्या' ही युक्ती इथे पाठ करा, पुढे सगळीकडे लागेल. जवळच्याला पाडा, तो उठेपर्यंत दुसऱ्याची रांग चुकवत फिरा, उठल्यावर लाथ. दोघं कधीच एकदम उभे असता कामा नयेत. एक उभा, एक आडवा, हे चक्र.

पुढे कासवाच्या पाठीवरचं गाव, नंतर गरुडावरून प्रवास, आणि राजवाड्यात डेथ ॲडर. त्याच्यासोबत दोन सांगाडे.

---

खोलगट

डेथ ॲडरच्या कुऱ्हाडीचा टप्पा टायरिसच्या तलवारीपेक्षा बराच मोठा. म्हणून त्याच्याशी समोरासमोर फटक्याला फटका करायचाच नाही. तिरपं जा, रांग जुळताक्षणी वार करा, तो पडला की लगेच दूर जा. तो उठताना जवळ राहिलात तर मार पक्का.

सांगाड्यांचं काय करायचं? लोक त्यांना संपवायला जातात आणि त्यात बार घालवतात. नजर बॉसवर ठेवा. सांगाडे वाटेत आले की पाडायचे, पडले की सोडायचे. जादू लढाई सुरू होताच, तिघं उभे असताना. त्यानंतर सगळं पायांवर : अंडाकृती फिरत राहा, वरच्या कडेने जा, खालच्या कडेने परत या. फिरणाऱ्याच्या मागे तिघं एका ओळीत येतात. थांबलात की ते पसरतात आणि तुम्ही मधे.

---

कुऱ्हाडवाला

आणि तो पडला म्हणून कंट्रोलर ठेवू नका! मेगा ड्राइव्हवर त्याच्या पुढे अजून एक आहे, डेथ ब्रिंगर. आर्केडला हा प्रकार नाही. तिथे डेथ ॲडरवर गेम संपतो आणि शेवटी ती पात्रं मशीन फोडून बाहेर रस्त्यावर येतात, पोरांच्या मागे लागतात. भन्नाट शेवट आहे. घरच्या आवृत्तीला तो नाही, त्याऐवजी एक जास्तीची लढाई.

आर्केड खेळलेले लोक नेमके इथे फसतात. डेथ ॲडरवर सगळे पॉट संपवून येतात.

---

निळी_पोतडी

म्हणजे साठवायचं असेल तर ते डेथ ब्रिंगरसाठी. डेथ ॲडरला तलवारीने घ्या, तो शिकता येतो. हे मान्य करायला मलाही जड जातंय, पण आहे ते आहे.

---

कुऱ्हाडवाला

हे वाक्य चौकट करून लावा कुणीतरी.

---

काठावरचा

:D

सराव कसा करायचा ते सांगा आता. प्रत्येक वेळी पहिल्यापासून खेळून शेवटचा बॉस शिकणं म्हणजे दिवसाला दोन संधी.

---

तीन_बटणं

टप्पा निवडायची सोय गेममध्येच आहे. आर्केड मोड घ्या, पात्र निवडायच्या पडद्यावर खाली-डावी तिरपी दिशा आणि बी धरून ठेवा, स्टार्ट दाबा. वरच्या डाव्या कोपऱ्यात आकडा येतो, तो बदलून हवा तो टप्पा. अर्थात असा खेळ एक क्रेडिटमध्ये धरायचा नाही, फक्त सराव.

बिगिनर मोडमध्ये सराव करू नका. तो तिसऱ्या टप्प्यावरच संपतो, शेवटी डेथ ॲडर ज्युनियर येतो, आणि शत्रूही सौम्य. तिथली सवय आर्केड मोडला नडते.

ड्यूएल मोड मात्र जरूर खेळा. तिथे एकामागून एक लढाया आहेत, मधे चालणं नाही, खड्डे नाहीत. नुसती रांग आणि फेक घोटायला याहून चांगली तालीम नाही.

---

आठ_बिट

एम्युलेटरवाल्यांसाठी (संगणकावर जुन्या मशीनची नक्कल चालवणाऱ्यांसाठी) दोन ओळी. रेट्रोआर्क या एम्युलेटरमध्ये जेनेसिस प्लस जीएक्स हा कोअर (मेगा ड्राइव्हची नक्कल करणारा भाग) घ्या. आपल्या कार्ट्रिजची प्रत असेल तर ती ६० हर्ट्झवर चालते आहे का ते बघा. ५० हर्ट्झवर गेम सुमारे १७ टक्के मंद चालतो. सोपा वाटतो, पण तिथे बसलेली लय ६० वर गेली की मोडते.

टीव्हीवर गेम मोड चालू करा. ६० हर्ट्झवर एक फ्रेम म्हणजे १६.७ मिलिसेकंद. टीव्ही चार फ्रेम उशीर करत असेल तर रांग चुकवण्याचा निर्णय तुमचा बरोबर असूनही पाय उशिरा हलतो. मग माणूस म्हणतो गेम अन्याय करतो. रेट्रोआर्कमधली रन-अहेड ही उशीर कमी करायची सोय एक फ्रेमवर ठेवून बघा. त्यापेक्षा वाढवलं तर हालचाल तुटक दिसायला लागते.

---

रविवारचा_गडी

अजून एक शंका. धाव बऱ्याचदा लागतच नाही. दोनदा टिचकी मारूनही ती नुसती चालते.

---

पट्टेकरी

तीन कारणं असू शकतात. ॲनलॉग स्टिक वापरत असाल तर सोडा, डी-पॅडच (दिशांची अधिकच्या चिन्हासारखी बटणं) घ्या. स्टिक मधल्या जागी परत येऊन पुन्हा टोकाला जाईपर्यंत दुसऱ्या टिचकीची वेळ निघून जाते.

दुसरं, टिचकी मारताना अंगठा किंचित वर-खाली जात असेल तर तिरपी दिशा लागते आणि गेम ती दुसरी टिचकी धरत नाही. रांग चुकवता चुकवता धाव घ्यायची घाई झाली की हमखास हे होतं. आधी रांग बदला, अंगठा उचला, मग टिचकी-टिचकी.

तिसरं, जुना मूळ पॅड असेल तर आतली रबराची चकती झिजलेली असते. मागचे स्क्रू काढा, रबर उचला, काळ्या कार्बनच्या गोळ्या आणि समोरच्या बोर्डावरचे पट्टे आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाने पुसा, पूर्ण वाळू द्या. घासू नका, कार्बन निघून आला तर रबरच बदलावं लागतं. सहा बटणांचा पॅड असेल आणि जुन्या गेममध्ये बटणं विचित्र वागत असतील तर मशीन चालू करताना मोड बटण दाबून धरा, तो तीन बटणांच्या पॅडसारखा वागतो.

---

काठावरचा

दोघांनी खेळताना टायरिस कोणी घ्यावी? एक क्रेडिटचं सोडा, नुसतं विचारतोय.

---

निळी_पोतडी

टायरिस आणि गिलियस ही जोडी. पॉट सगळे टायरिसला. गिलियसला ४ च्या वर घेताच येत नाहीत, तिला ९. खाणं गिलियसला, कारण तो पुढे उभा राहतो. फक्त एक ध्यानात ठेवा : या गेममध्ये आपला वार आपल्याच जोडीदारालाही लागतो. एकाच शत्रूवर दोघांनी दोन्ही बाजूंनी तुटून पडणं म्हणजे एकमेकांना मारणं. दोघांनी दोन रांगा वाटून घ्या, एक वरची, एक खालची.

---

कुऱ्हाडवाला

अवांतर : टायरिसप्रेमींनी मास्टर सिस्टिमची आवृत्ती शोधत बसू नये. तिथे ती नाहीच, एकटा पुरुष योद्धा आहे आणि जादू तेवढी निवडता येते. तिसऱ्या भागातही (१९९३) ती नाही, तिच्या जागी सारा. 'द रिव्हेंज ऑफ डेथ ॲडर' हा १९९२ चा आर्केड गेम घरी यायला २०२० चं ॲस्ट्रो सिटी मिनी उजाडावं लागलं, आणि त्यातही टायरिस नाही, अर्धी घोडी असलेली डोरा आहे. ती एकटीच नायिका असलेला 'बीस्ट रायडर' २००८ ला आला खरा, पण त्यावर इथे बोलू नये हे बरं.

---

रविवारचा_गडी

पॅड उघडला. कार्बनच्या दोन गोळ्यांवर पांढरा थर होता, पुसल्यावर धाव लागते आहे. आता बॅड ब्रदर्समध्ये एक उभा, एक आडवा जमतंय, पण आडवा असलेला उठताना लाथ कधी मारायची ते अजून चुकतं. लवकर मारली की आरपार जाते.

---

आठ_बिट

आरपार जाते म्हणजे तो अजून उठतोय. पाय सरळ झालेले दिसू द्या. धाव तो गुडघ्यावर असताना सुरू करायची, पण बी तो उभा राहिल्यावर. तुम्ही बहुतेक दोन्ही एकदम करताय.